तुपाशिवायचं ताट

[दृश्य: पुण्यातला एक कॅफे. टेबलावर व्हीगन पिझ्झा. सुरी फिरते, तुकडा उचलला जातो.]

चीज ताणलं जात नाही. कॅमेरा थांबलाय, खाणाराही थांबलाय, पण तार काही निघत नाही. दुधाच्या चीजमध्ये केसिन नावाचं प्रथिन असतं, त्याच्या जाळ्यामुळे तार येते. हे चीज खोबरेल आणि स्टार्चचं. ते वितळतं, टाळूला चिकटतं आणि तिथेच बसून राहतं. खाणारा पाणी पितो आणि म्हणतो, "ठीक आहे." आपल्याकडे कुणी "ठीक आहे" म्हटलं की त्याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

व्हीगन जेवणाला चव नसते हा शेरा बहुतेक वेळा अशाच एखाद्या घासानंतर पडतो. व्हीगन जेवण म्हणजे मांस, अंडी, दूध, दही, तूप, मध यातलं काहीच न खाणाऱ्यांचं जेवण. त्या पिझ्झ्यापुरता शेरा खोटा नाही. पण नापास झाली ती नक्कल. जेवणाची परीक्षा अजून व्हायची आहे, आणि ती घ्यायला आपण जळगावला जाऊ.

[दृश्य: हिवाळ्यातली संध्याकाळ, शेताचा बांध. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ.]

भरिताची ही वांगी फिकट हिरवी, मोठी, अंगावर पांढरट रेघा असलेली. 2016 साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ती आख्खीच जाळात जातात. साल काळं ठिक्कर पडतं, कोळशासारखं तडकतं, आतून पाणी चरचरत बाहेर येतं. सोललेला गर लाकडी भांड्यात पडतो आणि त्यावर मुसळ चालतं. हिरवी मिरची आणि लसूण वेगळे भाजून ठेचलेले असतात. मग मूठभर शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, आणि तेलाची सढळ फोडणी. 'सढळ' हा शब्द इथे जपून वापरलाय. खानदेशी हाताला तो कमीच वाटेल.

सोबत कळण्याची भाकरी. म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, काळपट, जराशी खरखरीत.

आता या पानात दूध कुठे आहे? कुठेच नाही. आणि ते नाही, हे जेवताना कुणाच्या लक्षातही येत नाही. धुराचा वास तेलात उतरलाय, शेंगदाणा दाताखाली येतोय, मिरची घशाशी पोचलीये. दूध-तूप पदार्थाला मुख्यतः स्निग्धपणा देतं, आणि बरेचसे वास स्निग्ध पदार्थातच विरघळून तोंडात पोचतात. बेचव व्हीगन जेवणात बहुतेक वेळा हा स्निग्धपणाच काढून टाकलेला असतो आणि त्याच्या जागी काहीच आलेलं नसतं. महाराष्ट्राच्या स्वयंपाकात ती जागा शेंगदाणा, तीळ, जवस, कारळं, करडईचं तेल आणि खोबरं यांनी कधीच भरून काढली आहे. सोलापूरची शेंगा चटणी उखळात कुटताना तिला तेल सुटतं. तेल सुटेपर्यंत कुटायची, हीच तिची पाककृती.

[दृश्य: मालवणजवळचं एक घर. माजघरात साचा. एकजण दाबतोय, दुसरीने खाली पान धरलंय.]

कोकणात हेच काम नारळ करतो. या घरात आज शिरवाळे होतायत. तांदळाच्या पिठाचे गोळे पाण्यात उकडलेत, आणि ते गरम आहेत तोवरच साच्यातून दाबायचे. गार झाले की साचा हलत नाही. घरातल्या तरुणाला जेवायच्या आधी व्यायाम घडतो तो असा. पांढऱ्या शेवया पानावर उतरतात. वाटीत रस असतो: नारळाचं घट्ट दूध, गूळ, वेलची. हा रस चुलीवर जात नाही, कारण नारळाचं दूध उकळलं की फाटतं. ताजं काढायचं, गूळ विरघळवायचा आणि लगेच खायचं.

याला कुणी कधी "दुधाला पर्याय" म्हटलेलं नाही. गोव्यात चणाडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाच्या रसाचं मणगणं होतं, त्यालाही नाही. हे पदार्थ कशाची जागा घ्यायला आलेले नाहीत, म्हणून त्यांची कशाशी तुलनाही होत नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. "आपले पूर्वज व्हीगनच होते" असं सांगणारे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांवर विश्वास ठेवू नये. ज्या मालवणात शिरवाळे होतात, तिथेच बाजूच्या चुलीवर बांगड्याचं तिखलं असतं. आणि देशावरच्या कोरडवाहू गावात भाकरीसोबत ठेचा होता तो तत्त्वामुळे नव्हता. गोठ्यात दुभतं नव्हतं, किंवा होतं तर दूध विकायला जायचं आणि ताक घरी राहायचं. तूप सणाला, पाहुण्याला, बाळंतिणीला. भातावर पडणाऱ्या तुपाच्या धारेला काही घरांत अन्नशुद्धी म्हणतात. बाकीच्यांचं अन्न त्या धारेवाचून अशुद्ध राहिलं का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. ठेच्याची चव खरी आहे, तशी त्यामागची टंचाईही खरी आहे.

ठरवून दूध सोडणारेही होते. गांधीजींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत, टॉल्स्टॉय फार्मवर, सहकारी हर्मन कालेनबाख यांच्यासोबत दूध वर्ज्य केलं. गाई-म्हशींनी जास्त दूध द्यावं म्हणून गवळी जे क्रूर उपाय करत, त्याबद्दल त्यांनी वाचलं होतं. 1918 मध्ये गुजरातेत आमांशाने ते अंथरुणाला खिळले. पुढे मुंबईच्या डॉक्टर दलालांनी स्पष्ट सांगितलं की दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती ना, मग बकरीचं दूध घ्या. त्यांनी घेतलं. व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा मोडला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत नोंदवून ठेवली आहे. 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन यांच्या मंडळींनी 1944 मध्ये काढला, म्हणजे या प्रसंगानंतर पाव शतकाने.

[दृश्य: गॅसवर चहाचं भांडं. आलं किसलं जातंय.]

आता चहा. व्हीगन व्हायला निघालेला मराठी माणूस परत फिरतो तो याच चौकातून.

सोयाचं दूध उकळत्या चहात ओतलं की बऱ्याचदा फाटतं. चहा किंचित आंबट असतो, त्यात उष्णता, आणि सोयाचं प्रथिन गोळा होतं. बदामाचं दूध पातळ, चहाला रंग येतो पण अंग येत नाही. नारळाचं घातलं तर चहा मागे पडतो आणि नारळ पुढे येतो. ओटचं त्यातल्या त्यात बरं. ते करताना धान्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून मुळातच गोडसर लागतं. कॉफीला ते छान जमतं. पण आपला आलं घातलेला, दोनदा वर आणून उतरवलेला, साय धरणारा चहा? तो यातल्या एकानेही होत नाही. गाईच्या दुधाहून जास्त पैसे मोजूनही होत नाही. हे कबूल करून टाकलं तर व्हीगन मंडळींचं बोलणं जास्त पटेल, असं आमचं मत आहे.

गवती चहा घातलेला, गुळाचा, वरून लिंबू पिळलेला कोरा चहा मात्र स्वतःच्या पायावर उभा राहतो. सोयाच्या दुधापासून केलेल्या टोफूचंही तसंच. पनीर म्हणून पालकात सोडला तर रबर लागतो. दाबून पाणी काढलं, कुस्करून कांदा-टोमॅटो-हिरव्या मिरचीत भुर्जी केली, तर तव्यात काही उरत नाही. शेंगदाण्याचं दही नुसतं खाल्लं तर कच्च्या दाण्याचा वास येतो, पण आलं-मिरची वाटून त्याचा मठ्ठा केला तर बिनतक्रार संपतो.

[दृश्य: पहाटे, कोल्हापूर. दूधकट्ट्यावर म्हशी. धार काढण्याचा आवाज.]

या बाजूचं बोलणंही ऐकायला हवं. इथे म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ दूध पेल्यातून हातात येतं. पिणारा मिशी पुसतो आणि आपल्याकडे "बोला आता" अशा नजरेने बघतो. चवीच्या वादात आमच्याकडे त्याला उत्तर नाही.

शेतकऱ्याकडे दुसरा मुद्दा आहे. उसाचं बिल येईल तेव्हा येतं, सोयाबीनचा भाव त्याच्या हातात नाही, पण डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी होतो. किराणा त्यावर चालतो, शाळेची फी त्यावर जाते. त्याला दूध बंद करा म्हणणाऱ्याने आधी या दहाव्या दिवसाची सोय सांगावी. दुसरीकडे, गोऱ्हा झाला की त्याच गोठ्यात चेहरे पडतात. ट्रॅक्टर आल्यावर बैलाला काम उरलं नाही, आणि 2015 पासून राज्यात गोवंशहत्याबंदी आहे. भाकड गाय आणि गोऱ्हा कुणी पोसायचा, यावर ना दूधवाल्याकडे नीट उत्तर आहे ना बंदीवाल्याकडे. व्हीगन माणूस बोट ठेवतो ते नेमकं इथे, आणि ते चुकीच्या जागी नाही.

तब्येतीचं थोडक्यात. व्हीगन म्हणजे आपोआप आरोग्यदायी, असं नाही. बटाटेवडा व्हीगन आहे, तर्री व्हीगन आहे, पावशेर फरसाणही व्हीगन आहे. कॅल्शियमची काळजी त्या मानाने कमी: 100 ग्रॅम नाचणीत ते 300 मिलिग्रॅमहून जास्त असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण 120. तीळही आहेत. डाळीच्या प्रथिनात जे घटक कमी पडतात ते धान्यात मिळतात आणि उलटही, त्यामुळे भाकरी-उसळ ही जोडी भक्कम आहे. खरी अडचण बी-12 जीवनसत्त्वाची. वनस्पतीतून ते भरवशाने मिळत नाही, गोळी घ्यावी लागते. दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांतही ते कमी निघतं, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

[दृश्य: जेवणाचं पान. एकेक पदार्थ वाढला जातो.]

तर घरी व्हीगन पाहुणा येणार असेल तर घाबरून दुकानातून महागडं पाकीट आणू नका. अळूचं फदफदं करा, शेंगदाणे आणि चणाडाळ घालून. मटकीची उसळ. भरली वांगी, तीळकुटाची. कोशिंबिरीत दह्याऐवजी दाण्याचं कूट आणि लिंबू, वरून हिंगाची फोडणी. ज्वारीची भाकरी, तिच्यावर लोणी नको. वरणाला तेलाची फोडणी द्या, भातावर धार सोडायचा हात आवरा. शेवटी सोलकढी, नारळाच्या दुधाची.

पुरणपोळीचा घाट मात्र घालू नका. तुपाशिवाय पुरणपोळी करता येते, आम्ही खाऊन पाहिली आहे. त्याबद्दल पाहुण्यासमोर काही बोलणार नाही.




जेवण झाल्यावर चहा विचारा. कोरा.