तिसाव्या दिवशीची नोंद

रात्रीचे अडीच वाजले आहेत. एका प्रादेशिक रुग्णालयाच्या अपघात विभागात, टेबलावर कोरा केसपेपर आहे आणि तपासणीच्या खाटेवर पोट धरून आक्रसलेला एक तरुण आहे. निवासी डॉक्टर त्याला उताणे झोपवून गुडघे दुमडायला सांगतात, बेंबीच्या उजव्या अंगाला, जरा खाली, बोटे हळूहळू दाबतात आणि मग हात एकदम उचलतात. दाबताना त्याने दात आवळून धरले होते. हात उचलताच तो कळवळतो. डॉक्टर पेन उचलतात आणि केसपेपरवर लिहू लागतात.

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या आणि सूक्ष्मदर्शक येतात. रुग्णालयात चालणाऱ्या संशोधनाचा पहिला कागद मात्र हा असतो, अर्ध्या झोपेतून उठून लिहिलेला. "पोटदुखी, दोन दिवस" एवढेच त्यावर लिहिले, तरी या तरुणावर उपचार होतील आणि बहुधा तो बराही होईल. पण वर्षभराने असे दोनशे केसपेपर घेऊन कोणी बसले, तर त्या तीन शब्दांतून काहीही हाती लागणार नाही. दुखणे बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकले का, भूक गेली का, उलटी झाली का, ताप किती होता, हात उचलताना वेदना वाढली का, रक्तातील पांढऱ्या पेशी किती होत्या, हे सारे त्याच रात्री लिहिले गेले असेल तरच पुढे मोजता येते. जे लिहिले नाही ते लक्षण रुग्णाला नव्हते, की कोणी विचारलेच नाही, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

अ‍ॅपेंडिक्सच्या निदानासाठी आज जगभर वापरली जाणारी एक गुणपद्धती नेमकी अशाच कागदांतून निघाली आहे. १९८६ साली अल्फ्रेडो अल्व्हाराडो या डॉक्टरांनी फिलाडेल्फियातील एका रुग्णालयात दाखल झालेल्या, अ‍ॅपेंडिक्सला सूज आल्याचा संशय असलेल्या ३०५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि त्यांतून आठ लक्षणे व चाचण्या निवडून एकूण दहा गुणांची मोजणी मांडली. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणे आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या असणे यांना प्रत्येकी दोन गुण, बाकी सहा गोष्टींना एकेक. तिला महागडे यंत्र लागत नाही. लागतात ती तपासणारी बोटे, एक साधी रक्तचाचणी आणि प्रामाणिकपणे लिहिलेला केसपेपर.

निदानानंतरचा प्रश्न उपचारांचा. २०१५ साली फिनलंडमधील सहा रुग्णालयांतून ५३० प्रौढ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुंतागुंत नसलेल्या अ‍ॅपेंडिक्सच्या दाहावर शस्त्रक्रियेऐवजी प्रतिजैविके देऊन चालेल का, हे त्यात तपासले होते. प्रतिजैविके दिलेल्यांपैकी २७ टक्के रुग्णांवर वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करावी लागली आणि पाच वर्षांअखेर हे प्रमाण ३९ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजेच दहापैकी सहा जण शस्त्रक्रियेवाचून राहिले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, परंतु तो वाचताना एक अट नजरेआड होता कामा नये. त्या अभ्यासात घेतलेल्या प्रत्येक रुग्णाचे सीटी स्कॅन झाले होते आणि अ‍ॅपेंडिक्स फुटलेले नाही, त्यात खडा नाही, याची खात्री आधी करून घेतली होती. आपल्यासमोरचा तरुण दोन दिवस घरी दुखणे काढून आला आहे. रात्री सीटी स्कॅनची सोय नसलेल्या रुग्णालयात, इतक्या उशिरा पोहोचणाऱ्या रुग्णांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू पडेल का, याचे उत्तर त्या अभ्यासात नाही, आणि ते त्यात असण्याचे कारणही नाही. ते उत्तर याच रुग्णालयाने शोधायचे आहे.

दुसरीकडे सिद्ध झालेला उपचार आपल्या रुग्णालाही तितकाच लाभतो, हे गृहीत धरणे किती महागात पडू शकते, हे पूर्व आफ्रिकेतील एका अभ्यासाने दाखवून दिले आहे. तापाने फणफणलेल्या, हातपाय गार पडलेल्या मुलाला शिरेतून भराभर सलाईन द्यावे, हा उपचार डॉक्टरांच्या पिढ्यांनी शिकला आणि शिकवला. तो इतका स्वाभाविक वाटत होता की, त्याची परीक्षा घ्यावी असे फार थोड्यांना सुचले. युगांडा, केनिया आणि टांझानिया या देशांतील सहा रुग्णालयांनी ती परीक्षा घेतली. युगांडातील म्बाले आणि सोरोटी येथील प्रादेशिक रुग्णालये त्यांत होती. एकंदर ३,१४१ मुलांपैकी काहींना सुरुवातीलाच वेगाने सलाईन, काहींना वेगाने अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाचे द्रावण आणि काहींना केवळ नेहमीच्या संथ गतीने द्रव दिला गेला. बाकीचे उपचार सर्वांना सारखेच होते. २०११ साली निष्कर्ष जाहीर झाले. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत वेगाने द्रव दिलेल्या दोन्ही गटांत शंभरांमागे साडेदहाच्या आसपास मुले दगावली होती, तर तसा द्रव न दिलेल्या गटात सातांहून किंचित अधिक. हा फरक दिसताच अभ्यास मुदतीआधी थांबवण्यात आला.

या आकड्यांपाशी क्षणभर थांबावे लागते. ज्या हातांनी सलाईनचा वेग वाढवला, त्यांचा हेतू मुलाला वाचवण्याचाच होता. कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय नसलेल्या वॉर्डांत, मलेरियाने आणि रक्तक्षयाने आधीच खचलेल्या मुलांवर त्याचा परिणाम उलटा होत होता. आणि तो एकेका खाटेपाशी उभे राहून कोणालाही दिसला नसता. शंभरांतली तीन जादा मुले डोळ्यांना दिसत नाहीत. ती दिसायला हजारो मुलांच्या नोंदी एका तक्त्यात याव्या लागल्या, आणि तो तक्ता जेथे ती मुले दाखल होत होती तेथेच भरला जाऊ शकत होता.

प्रादेशिक रुग्णालयाहूनही लहान ठिकाणी असे काम उभे राहू शकते, याचा दाखला कोकणातील महाडचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथे लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहिले. घामाने निथळणारे, उलट्या करणारे, हातपाय गार पडलेले हे रुग्ण काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून दगावत. त्यांच्या उशापाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. धोक्याची आरंभीची लक्षणे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे, एरवी उच्च रक्तदाबासाठी दिले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. विषामुळे शरीरात जो रासायनिक उद्रेक होतो, त्याचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम ते रोखते. मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आले. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा आणखी एक अभ्यास आला. त्यात ७० रुग्णांची चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत विभागणी करून, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिल्यास रुग्ण लवकर सावरतात, हे त्यांनी तपासून दाखवले होते. स्वतः रूढ केलेल्या उपचारालाच पुन्हा तपासणीला उभे करण्याची ही वृत्ती मला त्या औषधाइतकीच मोलाची वाटते.

आता वॉर्डातून अभिलेख कक्षात येऊ. छतापर्यंत गेलेल्या मांडण्यांवर दोऱ्याने बांधलेले केसपेपरचे गठ्ठे आहेत. येथे बसून केलेला अभ्यास स्वस्त पडतो आणि लवकर होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे कितीतरी प्रबंध अशाच खोल्यांत सुरू होतात. पण या गठ्ठ्यांना एक अंगचा दोष आहे, जो ध्यानात न घेतल्यास मोठी फसगत होते. प्रादेशिक रुग्णालयात येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी दुसरीकडे दाखवून, तेथे न निभावल्यामुळे पुढे पाठवलेले असतात. त्यामुळे फुटलेल्या अ‍ॅपेंडिक्सचे प्रमाण येथे जास्त दिसते. हा त्या प्रदेशाचा आजार नव्हे. ही त्या रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलेल्यांची मोजदाद आहे. जे वाटेतच गेले आणि जे गावातच बरे झाले, ते दोघेही या गठ्ठ्यांत नाहीत.

लहान संख्यांचाही असाच मोह पडतो. "शंभर शस्त्रक्रिया केल्या, एकातही गुंतागुंत नाही," असे एखादे शल्यविशारद सांगतात, तेव्हा ते खरेच सांगत असतात. तरीही संख्याशास्त्राचा एक सोपा नियम सांगतो की, शंभरांत एकही घटना घडली नसली, तरी तिचे खरे प्रमाण तीन टक्क्यांपर्यंत असू शकते. तीनला रुग्णसंख्येने भागायचे, इतकाच तो हिशेब आहे. प्रत्येक विभागाच्या भिंतीवर तो लिहून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्या तरुणाची शस्त्रक्रिया झाली. अ‍ॅपेंडिक्स फुटलेले होते. पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर ड्रेसिंग उघडतात. टाक्यांच्या दोन्ही बाजूंची कातडी किती लाल आहे, हात लावल्यावर गरम लागते का, कडेने दाबल्यावर पू येतो का, हे पाहून त्या लिहून ठेवतात. शस्त्रक्रियेच्या जखमेतील जंतुसंसर्ग ही तशी साधी वाटणारी, रोजची गोष्ट. परंतु तिच्यामुळे मुक्काम लांबतो, रोजगार बुडतो, टाके उसवतात आणि कधी जीवही जातो. त्यात तिची व्याख्या सर्वांनी सारखी वापरली नाही, तर कोणतीही दोन रुग्णालये आपापले आकडे शेजारी ठेवू शकत नाहीत. नुसती लाली म्हणजे संसर्ग का? पाण्यासारखा स्राव म्हणजे पू का? म्हणून जगभर ठरलेल्या व्याख्येत लक्षणेही नेमून दिलेली आहेत आणि मुदतही: शस्त्रक्रियेपासून तीस दिवस. रुग्ण घरी जातो पाचव्या, सातव्या दिवशी. बरेचसे संसर्ग उघडकीस येतात ते त्यानंतर. ज्या रुग्णालयाने डिस्चार्ज कार्ड हाती देताच नोंद बंद केली, त्याचे आकडे उत्तम दिसतील आणि ते चुकीचे असतील.

या जखमांविषयी दोन मोठे अभ्यास झाले आहेत, आणि दोन्हींत भारतासह अनेक देशांतील रुग्णालये होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात ५४ रुग्णालयांतील ५,७८८ रुग्णांवर, त्वचा स्वच्छ करण्याचे महाग द्रावण आणि जंतुनाशक लेप असलेला टाक्यांचा धागा यांची तुलना साध्या, स्वस्त पर्यायांशी केली गेली. फरक आढळला नाही. काहीच हाती लागले नाही, असे या निष्कर्षाविषयी कोणी म्हणेल, पण जेथे औषधखरेदीचा प्रत्येक पैसा मोजून खर्च होतो तेथे हा निष्कर्ष फार मोठी बचत करतो. पुढच्या वर्षीचा अभ्यास आणखी साध्या गोष्टीचा होता. पोटाची शस्त्रक्रिया आटोपून जखम शिवण्याआधी सर्वांनी हातमोजे बदलायचे आणि नवी निर्जंतुक उपकरणे घ्यायची, एवढेच. सात देशांतील ८१ रुग्णालये, १३,३०१ रुग्ण. संसर्गाचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. हातमोज्यांची एक जादा जोडी आणि उपकरणांचा एक जादा संच.

अशा अभ्यासाविषयी रुग्णाला सांगायचे असते आणि त्याची संमती घ्यायची असते. संमतिपत्र वाचून दाखवणे आणि समजावून सांगणे यांत अंतर आहे. वेदनेने बेजार झालेला माणूस पांढऱ्या डगल्यातील कोणाच्याही म्हणण्याला मान डोलावतो. म्हणून अक्षरओळख नसलेल्या रुग्णाचा अंगठा घेताना, अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार शेजारी असावा लागतो. नकार दिला तरी उपचारांत तसूभरही फरक पडणार नाही, हे त्याच्यासमोर सांगावे लागते. हे वाक्य घाईने उरकले जाताना मी पाहिले आहे, आणि सावकाश, रुग्णाच्या नजरेला नजर देऊन उच्चारले जातानाही. दुसऱ्या वेळी नातेवाइकांनी प्रश्न विचारले होते.

आज शस्त्रक्रियेनंतरचा तिसावा दिवस आहे. दुपारची ओपीडी संपली आहे आणि संशोधन साहाय्यक यादी समोर ठेवून फोन लावत आहेत. पहिला क्रमांक बंद आहे. केसपेपरवर नातेवाइकाचा दुसरा क्रमांक आहे, कारण त्या रात्री अडीच वाजता कोणीतरी तो मागून घेतला होता. फोन भाऊ उचलतो. तरुण कामावर गेला आहे, संध्याकाळी परतेल. तक्त्यातील रकाना अजून रिकामा आहे. "बरा दिसतो," असे भाऊ सांगतो, पण भावाच्या शब्दावर तो रकाना भरायचा नाही, असे ठरलेले आहे. साहाय्यक समासात पेन्सिलने वेळ टिपतात, सायंकाळी साडेसात, आणि पुढचा क्रमांक फिरवतात.