परका माउस, आपला पडदा

(दृश्य: दुकानाच्या काउंटरवरचा संगणक. माउसला कुणाचा हात नाही, तरी पडद्यावरचा बाण फिरतो आहे.)

टॅलीत एन्ट्री अडकली की दुकानदार फोन लावतो. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "एनीडेस्क नंबर सांगा." एनीडेस्क म्हणजे दुरून दुसऱ्याचा संगणक चालवायचं ॲप. आकडे वाचून दाखवायचे, समोर आलेल्या चौकटीत होकार द्यायचा, की बाण आपला आपण फिरायला लागतो. पाच मिनिटांत काम फत्ते.

हेच आकडे चोरही विचारतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं ते याच ॲपचं नाव घेऊन. पुढे 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल' असे खोटे मेसेज फिरले, फोन केला की असंच ॲप बसवायला सांगणारे. त्यांना भुलू नका, असं महावितरणला ग्राहकांना सांगावं लागलं. ॲपमध्ये खोट नव्हती. ते जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या एका कंपनीचं, जगभर रोज वापरात असलेलं ॲप आहे. फोनवरच्या भामट्यासाठी मालकाने स्वतःच होकार दाबला होता.

तेव्हा असं काही बसवण्याआधी एकच विचारायचं. आपण समोर नसताना या संगणकात कोण शिरू शकतं, आणि ते ठरवतं कोण?

(दृश्य: डाउनलोड झालेली फाइल. राइट क्लिक, प्रॉपर्टीज.)

सुरुवात फाइलपासून. गुगलवर नाव टाकलं की कधी कधी सगळ्यात वर जाहिरात दिसते. ती सोडा आणि कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा. जानेवारी २०२३ मध्ये एनीडेस्कशी मिळतेजुळते तेराशेहून जास्त बनावट पत्ते उघडकीला आले. तिथून उतरायची ती 'विडार' ही पासवर्ड चोरणारी फाइल.

फाइल उतरली की लगेच उघडू नका. प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हा भाग असतो, तिथे सही कुणाची ते दिसतं. एनीडेस्कच्या जुन्या फायलींवर 'फिलांड्रो सॉफ्टवेअर जीएमबीएच' हे कंपनीचंच जुनं नाव असायचं. २ फेब्रुवारी २०२४ ला कंपनीने जाहीर केलं की आपल्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली आहे. सहीमागचं जुनं प्रमाणपत्र रद्द करायचं ठरलं आणि विंडोजसाठी ८.०.८ ही आवृत्ती नव्या सहीने आली. आज कुणी पेनड्राइव्हवरून फिलांड्रोची सही असलेली फाइल देऊ लागला, तर हात जोडून नको म्हणावं. शिवाय सहीवरून फाइल कुणाची तेवढंच कळतं. आत काय आहे, ते बघायला ती चालवूनच पाहावी लागते.

(दृश्य: विंडोज सँडबॉक्सची रिकामी खिडकी.)

मात्र रोजच्या संगणकावर नाही. विंडोज प्रो असेल तर त्यात सँडबॉक्स मिळतो, म्हणजे संगणकातच उघडणारा वेगळा, तात्पुरता विंडोज. खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत तो नाही, तिथे व्हर्च्युअलबॉक्स घ्या, संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर सगळ्यात बरं. फक्त तो पाहुण्यांच्या वायफायवर ठेवा, म्हणजे घरातली बाकीची यंत्रं त्याला दिसणार नाहीत.

बसवण्याआधी चार गोष्टींचे फोटो काढून ठेवा: चालू सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम), स्टार्टअपची यादी, फायरवॉलचे नियम आणि विश्वासू मूळ प्रमाणपत्रं (ट्रस्टेड रूट सर्टिफिकेट्स). बसवल्यावर पुन्हा तेच फोटो. प्रमाणपत्रांच्या या शेवटच्या यादीकडे सहसा कुणी ढुंकूनही बघत नाही, पण खरी मेख तिथेच असते. या यादीत जे बसलं, त्याच्या शब्दावर विंडोज इतरांच्या सह्याही खऱ्या मानते. २०२३ मध्ये रस्टडेस्कच्या विंडोज आवृत्तीबरोबर एक चाचणीसाठीचं प्रमाणपत्र थेट इथे जाऊन बसतं, हे लोकांच्या लक्षात आलं. रस्टडेस्क हे एनीडेस्कसारखंच, पण ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. 'कोड उघडा आहे, म्हणजे निर्धास्त' असं आपले आयटीवाले सर्रास म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. उघडा कोड कुणीतरी वाचावा लागतो.

(दृश्य: गावाकडचं घर, राउटर, भिंतीवरचा सीसीटीव्ही.)

आता मेश नेटवर्क, म्हणजे लांबलांबची आपली यंत्रं इंटरनेटवरून एकमेकांशी थेट जोडणारं खासगी जाळं. पुण्यात बसून गावाकडचा कॅमेरा बघायचा आहे, पण इंटरनेट कंपनी घरोघरी वेगळा सार्वजनिक पत्ता देत नाही. एकाच पत्त्यामागे कितीतरी घरं असतात. राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून भागत नाही. मग कुणीतरी टेलस्केल सुचवतो, कुणी झीरोटियर. दोन्ही असं जाळं जोडून देणाऱ्या सेवा.

टेलस्केल वायरगार्डवर, म्हणजे यंत्रांमधला मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या तंत्रावर चालतं. वायरगार्डचा कोड जेमतेम चार हजार ओळींचा, २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. तुमची खासगी किल्ली तुमच्या यंत्रावरच तयार होते आणि तिथेच राहते, त्यामुळे कंपनीला मजकूर वाचता येत नाही. पण नेटवर्कमध्ये कोणती यंत्रं आहेत, ही यादी कंपनीचा सर्व्हर सांभाळतो. यादीत परकं नाव घुसलं तर? त्यासाठी 'टेलनेट लॉक' आहे, त्यात नव्या यंत्राला आपल्याच विश्वासू यंत्राची सही लागते, पण ते आपण होऊन चालू करावं लागतं. सर्व्हरही स्वतःचाच हवा असेल तर हेडस्केल आहे. ते सांभाळायचा उरक मात्र हवा.

त्याहून साधी गोष्ट म्हणजे लॉगिन. गुगल खात्याने आत गेलात, तर ज्याच्या हाती तुमचं जीमेल त्याच्या हाती गावाकडचं घर. दोन टप्प्यांची पडताळणी आधी चालू करा, मेश नंतर. सुरुवातीच्या नियमांत प्रत्येक यंत्र दुसऱ्या प्रत्येकाशी बोलू शकतं, तेही आवळून घ्या. झीरोटियरमध्ये नेटवर्क 'पब्लिक' ठेवलंत, तर सोळा अक्षरांचा आयडी माहीत असलेला कुणीही आत येतो.

टेलस्केलची किल्ली एरवी १८० दिवसांनी संपते. गावाकडचा संगणक एके दिवशी अचानक दिसेनासा होतो आणि लोक वैतागून ही मुदतच बंद करून टाकतात. दूरच्या एखाद्या यंत्रापुरतं ते ठीक, सरसकट नको.

(दृश्य: पुन्हा तो जुना लॅपटॉप. 'अनइन्स्टॉल'.)

शेवटी काढून बघा. रीस्टार्ट करा, चारही याद्या पहिल्या फोटोंशी ताडून पाहा. सर्व्हिस किंवा प्रमाणपत्र मागे राहिलं असेल, तर ते सॉफ्टवेअर रोजच्या संगणकावर नकोच. सगळं साफ दिसलं तरी मेशच्या पॅनेलवर एकदा जा. लॅपटॉपवरून ॲप गेलं, तरी यंत्रांच्या यादीत लॅपटॉपचं नाव अजून तसंच आहे. ते हातानेच काढावं लागतं.