पोहणं विसरलेला जंतू

(दृश्य: जुन्या रंगूनचा नकाशा. मागे पावसाचा आवाज.)

रंगून, 1911. इस्पितळाच्या शवागारात डॉक्टर आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांच्यापुढे प्रेतं येत होती. बरीचशी मॉर्फिनची सुई टोचून घेणाऱ्या कंगाल माणसांची, आणि आत जागोजागी पुवाची गळवं. घोड्यांपासून माणसाला लागणाऱ्या ग्लँडर्ससारखाच हा प्रकार दिसत होता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एक गोष्ट जुळेना. ग्लँडर्सचा जंतू जागचा हलत नाही, आणि हा पोहत होता.

रोगाला पुढे मेलिऑइडोसिस हे नाव मिळालं. जंतूचं आजचं नाव बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय. जिभेवर रुळणारं नाही, म्हणून आपण त्याला मातीतला जंतू म्हणू. कारण त्याचं घर तेच आहे: भाताचं खाचर, साचलेलं पाणी, चिखल.

(दृश्य: खाचरात लावणी. अनवाणी पाय.)

पोटरीवरची एखादी चीर त्याला पुरते. मधुमेह असलेल्या माणसाला तर धोका कितीतरी जास्त. फुप्फुसात शिरला की क्षयासारखा दिसतो, आणि क्षयाचीच औषधं सुरू होतात. आपल्या शेजारच्या उडुपी-मणिपालच्या किनारपट्टीत पावसाळा आला की डॉक्टर त्याची आठवण ठेवतात. 2016 मध्ये छापून आलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 1,65,000 लोकांना हा रोग होतो, 89,000 दगावतात.

(दृश्य: पडद्यावर दोन गोल गुणसूत्रं.)

2004 साली त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएत लिहिलेला सगळा मजकूर, वाचून झाला. सुमारे साडेबहात्तर लाख अक्षरं, दोन गुणसूत्रांवर वाटलेली. मोठ्यावर मुख्यतः रोजचा संसार: वाढ, चयापचय. धाकट्यावर जास्त करून अडीअडचणीला लागणारा ऐवज. मध्येमध्ये इतर जिवाणूंकडून आलेले उसने तुकडेही.

त्याच वर्षी ग्लँडर्सच्या जंतूचाही जीनोम आला. तो 58 लाखांच्या आसपास. दोन्ही शेजारी ठेवले आणि रंगूनचं कोडं सुटलं. ग्लँडर्सचा जंतू हे या मातीतल्या जंतूचंच पोर. प्राण्याच्या अंगात कायमचा मुक्काम मिळाला, तसं त्याने बाहेरच्या जगात लागणारं बरंच काही टाकून दिलं. आयतं खायला मिळू लागल्यावर अवजारं मोडीत काढावीत, तसं. उड्या मारणारे डीएनएचे तुकडे त्याच्या जीनोमभर पसरले, जनुकं तुटली. तुटलेल्यांत पोहण्याचीही होती. व्हिटमोर-कृष्णस्वामींना दिसलेला फरक तो हाच.

तिसरा भाऊबंद बर्खोल्डेरिया थायलंडेन्सिस. तोही त्याच मातीत राहतो, पण माणसाला क्वचितच त्रास देतो. मग याच्याकडे कमी काय? उलट एक गोष्ट जास्तच आहे: ॲराबिनोज नावाची साखर पचवणारी जनुकं. मातीतल्या जंतूने ती गमावली आहेत. संशोधकांनी ती त्याला परत दिली, तेव्हा हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यांत त्याचा जहालपणा उतरला. आपल्या पेशीत प्रथिनं टोचणाऱ्या यंत्राची जनुकंही मंदावली. या सगळ्या कथेत मला हाच प्रयोग सर्वांत आवडतो. रोग घडवायला काहीतरी नवं शस्त्र लागतं, असंच आपण धरून चालतो ना?

(दृश्य: जगाचा नकाशा, समुद्रावरून सरकणाऱ्या रेघा.)

2017 मध्ये 30 देशांतल्या 469 नमुन्यांचे जीनोम ताडून पाहिले गेले. मुळं ऑस्ट्रेलियाकडे निघाली. तिथून आग्नेय आशिया, मग आपला दक्षिण आशिया. अमेरिका खंडात तो आफ्रिकेतून पोहोचला, 1650 ते 1850 च्या दरम्यान. गुलामांची जहाजं जात होती तो हाच काळ.

(दृश्य: कपाटावर एक छोटी काचेची बाटली.)

2021. अमेरिकेत कॅन्सस, टेक्सास, मिनेसोटा, जॉर्जिया अशा चार राज्यांत चौघे याच रोगाने आजारी पडले. दोघे दगावले. चौघांपैकी कुणीही परदेशी गेलेलं नव्हतं, एकमेकांची ओळख नव्हती. पण त्यांच्यातल्या जंतूंचे जीनोम जवळजवळ एकच, आणि जुळत होते दक्षिण आशियातल्या वाणांशी. म्हणजे माणसं गेली नव्हती, वस्तू आली होती. शोध घरांत शिरला. ऑक्टोबरमध्ये जॉर्जियातल्या रुग्णाच्या घरी खोलीत फवारायच्या सुगंधाची बाटली सापडली. आत लव्हेंडर, कॅमोमाइल आणि तोच जंतू. बाटली भारतात तयार झालेली होती.