उन्हं गच्चीवर आली की

नमस्कार श्रोतेहो.

२९ डिसेंबर २०१८ ची सकाळ आठवते? नागपुरात पारा साडेतीन अंशांवर उतरला होता. तेलंगखेडीच्या बागेत रोज फिरायला येणारे आम्ही अकरा जण. त्या दिवशी पोहोचलो दोघं, आणि त्यातला एक चहासाठी आला होता. बाकीच्या नऊ जणांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या दिवसांची. थंडीची लाट ओसरली, तरी त्यातले चौघं-पाच जण रजईतून निघाले ते थेट संक्रांत झाल्यावर.

मी शाळेत तीस वर्षं पीटी घेतली. माणूस बसलेला दिसला की माझा हात आपोआप शिट्टीकडे जातो. इथं स्टुडिओत शिट्टी चालत नाही म्हणून बोलतोय.

आपल्या गावाचं गणितच उलटं आहे बघा. बर्फाच्या मुलखात हिवाळा माणसाला घरात कोंडतो. आपल्याला कोंडतो तो उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की सकाळी आठनंतर पायी निघायची कोणाची छाती आहे? पावसाळ्यात चिखल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र भर दुपारीसुद्धा सेमिनरी हिल्सचा चढ चढता येतो. अंग वापरायचा आपला हंगाम हाच. आणि नेमकं याच दिवसांत आपण डिंकाचे लाडू खाऊन उन्हात खुर्ची टाकतो. लाडवांना मी नावं ठेवत नाही, मलाही दोन लागतात. पण माझी आजी ते वळायची तेव्हा दळण जात्यावर होतं आणि पाणी विहिरीवरून डोक्यावर येत होतं.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, सगळं खरं, पण पहाटे पाचला उठवत नाही. मग नका उठू! साठी ओलांडलेल्यांना, रक्तदाबवाल्यांना, दमेकऱ्यांना तर मी हात जोडून सांगतो, पहाटेचा हट्ट सोडा. थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, दाब वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. रजईतून उठून थेट गार वाऱ्यात भरभर चालायला लागलं की हा सगळा भार एकदम पडतो. दुसरी गोष्ट हवेची. थंड हवा जड, ती रात्री जमिनीलगत बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. मग चौकातल्या शेकोट्या, जाळलेला कचरा, गाड्यांचा धूर, सगळं त्या झाकणाखाली. फुटाळ्याच्या काठावरून पहाटे जे पांढरं दिसतं आणि आपण ‘काय सुंदर धुकं’ म्हणतो, त्यात धूरही असतो. ऊन चढलं, जमीन तापली की झाकण उघडतं.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवतो पावणेसातच्या पुढेमागे. आठच्या सुमारास निघा. ज्यांना जमेल त्यांनी दुपारी बाराला पंधरा-वीस मिनिटं चाला. कोवळं ऊन छानच वाटतं, पण ‘ड’ जीवनसत्त्व करणारे किरण तिरप्या उन्हात फारसे पोहोचत नाहीत. ते हवं तर सावली आखूड लागते. गंमत अशी की डिसेंबरअखेर नागपुरात ऐन दुपारीसुद्धा सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढीच पडते. मेअखेर हीच सावली दुपारी पायाखाली गडप होते. एखाद्या रविवारी गच्चीवर उभं राहून बघा, नातवंडांना दाखवा.

निघण्याआधी घरातच पाच-सात मिनिटं अंग हलवा. जागच्या जागी पावलं, खांदे फिरवणं, घोटे फिरवणं. हे मी आयुष्यभर पोरांना सांगितलं आणि स्वतः विसरलो. एका जानेवारीत अंबाझरीच्या रस्त्यावर जुना विद्यार्थी पळताना दिसला. मास्तरांचा ताठा! गाडीवरून उतरलो आणि गार अंगानं तसाच त्याच्या बरोबरीनं पळालो. शंभर पावलांत पोटरीत कोणी दगड मारल्यासारखं झालं. तीन आठवडे लंगडत होतो. त्या पोरानं मला स्कूटरच्या मागे बसवून घरी सोडलं, वाटेत एक शब्द बोलला नाही. हसू दाबत असणार.

कपड्यांचं थोडक्यात: एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, अंग तापलं की एक काढून कमरेला बांधता येतो. कान झाका. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका. छातीत आवळल्यासारखं झालं, चक्कर आली, तर तिथंच थांबा, ‘गॅस असेल’ म्हणत दोन फेऱ्या पुऱ्या करू नका. आणि जानेवारीत सायकलवाल्यांनी, दुचाकीवाल्यांनी गळ्याला जाड मफलर गुंडाळावा. ‘ओ काट’ वरून ऐकू येतं, मांजा मात्र दिसत नाही.

किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं सांगते, आणि त्यासोबत दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. चाल अशी हवी की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. एकदम जमत नसेल तर तुकडे करा. अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडे रस्ते अडवतात म्हणून आपण चिडतो. मी गाडी लांब लावतो आणि चालतो. यशवंत स्टेडियमपासून निघणारे मोर्चेकरी चालतातच की, आणि वर घोषणाही देतात. गाणं म्हणता येऊ नये हा नियम त्यांनी कधीच मोडीत काढलाय.

ताकदीचा व्यायाम म्हटलं की लोकांना जिम आठवते. आमच्या घरी तो खुर्चीवर चालतो. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची. हिवाळा आला की तिची खुर्ची अंगणात, मांडीवर घोंगडी, हातात संत्रं. मागच्या हिवाळ्यात तिला हातावर भार दिल्याशिवाय उठता येईना. थंडीत सांधे आखडतात हे खरं, पण न उठल्यानं मांड्या अधिक लवकर हरतात. मी नियम केला, चहा मिळेल, पण आधी पाच वेळा उठायचं-बसायचं. खुर्ची भिंतीला टेकवलेली, मी शेजारी उभा.

‘कायले छळून राहिला रे म्हातारीले?’

‘आई, चहा गार होऊन राहिला.’

पहिल्या दिवशी दोनदा झालं. मी कप पुढे केला. दोन आठवड्यांनी पाच. आता ती दहा वेळा उठते, हात छातीशी घेऊन, आणि मोजते मोठ्यानं, शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशी. परवा मी आत फोनवर होतो. बाहेरून आवाज आला, ‘नऊ… दहा… अरे, माझे झाले, चहा कुठं आहे?’