चार जिल्ह्यांची वाट

पडद्यावर या दगडी पायऱ्या दिसत आहेत. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरातील हे ठिकाण आज आप्रवासी घाट म्हणून ओळखले जाते. गुलामगिरी संपुष्टात येत असताना उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती, म्हणून १८३४ पासून साडेचार लाखांहून अधिक भारतीय करारबद्ध मजूर या बेटावर आणले गेले. बोटी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून सुटत असत. मुंबईहून निघालेल्यांत कोकणातली माणसे पुष्कळ होती आणि त्यांच्यातच माझ्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ होते. ते गेले त्याची तिथी घरात कोणालाच ठाऊक नसल्याने आजही सर्वपित्री अमावास्येला त्यांच्या नावाचे एक पान आमच्याकडे वाढले जाते.

ते पान कोणासाठी आहे, हे शोधण्यासाठी मी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गेलो, कारण मजुरांच्या नोंदवह्या तेथे जपून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळत असे आणि त्यापुढे नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरील खुणा आणि बोटीचे नाव लिहिले जाई. नोंदी इतक्या तपशीलवार असूनही कोकणी माणसाचा शोध अवघड का जातो, हे पहिल्याच पानावर समजते. लिहून घेणारा कारकून मराठी जाणत नव्हता. कानाला जे ऐकू आले ते त्याने परक्या लिपीत उतरवले. त्यामुळे ‘विठोबा’ हे नाव तीन पानांवर तीन रूपांत भेटते, आणि गावाच्या नावातला ‘ळ’ कधी ‘ल’ होतो, तर कधी ‘र’. या वह्या डोळ्यांनी वाचून उपयोग नाही. त्या मोठ्याने, शक्यतो आपल्या आजीच्या उच्चारात वाचाव्या लागतात. मी तशाच वाचल्या आणि तिसऱ्या दिवशी एका नोंदीशी थांबलो: वडिलांचे नाव जुळत होते, जिल्हा रत्नागिरी होता, वयही पटण्यासारखे होते, गावाचे नाव मात्र कोणत्याही उच्चाराने आमच्या गावापर्यंत येत नव्हते.

त्या क्रमांकासोबत एक छायाचित्र आहे. मुंडासे बांधलेला, ओठ मिटलेला, सरळ समोर पाहणारा तरुण. या छायाचित्रामागचे कारण आपण समजून घेतले पाहिजे. १८६७ च्या कायद्यानुसार करार पूर्ण केलेल्या जुन्या गिरमिटियांनाही स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास सतत जवळ बाळगावा लागत असे. हा पास राहत्या जिल्ह्यापुरताच चाले. परवानगीवाचून शेजारच्या जिल्ह्यात आढळलेला माणूस भटक्या ठरून तुरुंगात जाऊ शकत असे. मळ्यावर तर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८७१ मध्ये अदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याच्या मदतीने जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला, त्यावर नऊ हजारांहून अधिक माणसांच्या सह्या होत्या आणि पुढच्याच वर्षी चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. ज्या चेहऱ्यात मी आमच्या घराण्याचे नाक शोधतो आहे, तो चेहरा त्या माणसाचे चालणे अडवण्यासाठी टिपलेला होता, हे कळल्यापासून मला त्या छायाचित्राकडे निवांतपणे पाहता आलेले नाही.

म्हणून मी महाशिवरात्रीच्या यात्रेत पायी निघालो. १८९८ मध्ये, म्हणजे त्या कायद्यानंतर अवघ्या एकतीस वर्षांनी, या बेटावरील हिंदू भाविक उत्तरेकडून चालत दक्षिणेतील डोंगरावरच्या ग्रां बासँ या तळ्याकडे निघाले. उत्तरेतील त्रियोले गावच्या एका पुजाऱ्यांना हे तळे स्वप्नात दिसले, असे सांगतात. १९७२ मध्ये गोमुखाचे पाणी आणून त्यात सोडले गेले आणि आता सारे त्याला गंगा तलाव म्हणतात. त्रियोलेहून निघालेली वाट पांपलमूस जिल्ह्यातून पोर्ट लुईत, तेथून प्लेन विल्येम्समध्ये आणि शेवटी सावान जिल्ह्यात पोहोचते. चार जिल्हे. प्रत्येक जिल्ह्याची हद्द आली की मी खिशातला पासपोर्ट चाचपत होतो आणि बाजूने पांढऱ्या कपड्यांतली, रंगीत कागदांनी आणि आरशांनी मढवलेल्या कावडी खांद्यावर घेतलेली माणसे कोणाला काहीही न विचारता पुढे जात होती. रस्त्याच्या कडेला लोक पाणी, सरबत आणि खाणे देत होते. वाकुआ गाव मागे पडल्यावर चढ लागला, उसाची शेते संपली, धुके उतरले आणि पाऊस सुरू झाला. मृगाच्या पहिल्या सरीसारखा बारीक, अंगावर धरून राहणारा पाऊस.

तळ्याकाठी मी त्या अनोळखी तरुणाच्या नावाने तीन ओंजळी पाणी सोडले. तो आमचा आहे की नाही, याचा निर्णय मला करता येत नाही. पण ज्याच्या घरी कोणी पान वाढत नसेल, त्याला ते पाणी पोहोचायला हरकत नाही, असे मला मनापासून वाटले.

शेजारी एक मॉरिशियन मराठी आजी नातवंडांसह बसल्या होत्या. त्यांची घरची भाषा आता क्रिओल, म्हणजे फ्रेंचवर आधारलेली तिथली बोली, आहे. मराठी त्या शाळेत शिकल्या. मी कोकणातला आहे हे कळताच त्यांनी मोबाइलवर आपल्या पणजोबांच्या नोंदीचा फोटो काढून माझ्यापुढे धरला आणि जपून, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “तुम्ही तिकडचे आहात. हे गाव वाचून दाखवा.”

मी ते नाव मोठ्याने वाचले. मग ‘ल’च्या जागी ‘ळ’ घालून पाहिला. मग शेवटचा स्वर सोडून दिला. आजी प्रत्येक उच्चार माझ्यामागून म्हणत होत्या. पाऊस वाढल्यावर त्यांच्या नातवाने आम्हा दोघांवर छत्री धरली आणि मी आजींच्या पणजोबांचा क्रमांक माझ्या वहीत, आमच्या क्रमांकाखाली, लिहून घेतला.