चिंचोक्याचं साठ

(खळं. चुलीवर खापर.)

मे महिना, मालवणजवळचं एक घर. खापरात चिंचोके तडतडतायत. काळपट साल तडकते, हातावर चोळली की सुटते आणि आत दिसतो गारगोटीसारखा टणक, पांढरा गर. लहानपणी आपण सगळ्यांनी हा दाताखाली धरलाय. घाटावर याचीच खळ घोंगड्यांना देतात. आज त्याचं पीठ कॉलेजच्या प्रयोगशाळेत निघालंय, बॅटरीतल्या द्रवाची जागा घेईल असा पापुद्रा करायला.

(प्रयोगशाळा.)

पीठ पाण्यात उकळून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी वरचं पाणी गाळलं, त्यात अल्कोहोल ओतलं, आणि हे बघा, पिंजलेल्या कापसासारखे तंतू! हे झायलोग्लुकन. साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी, अंगभर ऑक्सिजन. मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, या ऑक्सिजनचा आधार घेत पुढे सरकतात. बॅटरीत हे काम एरवी द्रव करतो. तो गळतो, पेटही घेतो.

तंतू वाळवून पुन्हा पाण्यात विरघळवले. त्यात लिथियमचं मीठ आणि चिमूटभर टायटॅनियम डायऑक्साइड. कण इतके बारीक, की एका केसाच्या जाडीत हजारो ओळीने मावतील. ते कशाला? साखळ्या वाळताना एकमेकींना बिलगून घट्ट बसतात, आयनांना वाट उरत नाही. मधे कण शिरले की वीण सैल राहते. १९९८ साली रोमच्या संशोधकांनी ही किमया पेट्रोलियमपासून बनणाऱ्या पॉलिमरवर दाखवली. इथे ती परसातल्या चिंचेवर चाललीय. पण कण जास्त झाले तर गुठळ्या होतात आणि त्याच वाट अडवतात. म्हणून ही चुंबकाची कांडी तासन्‌तास फिरतेय.

आता काचेच्या बशीत ओतायचं. कोकणातल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. ताटात आंब्याचा रस पसरून साठ घालतात, अगदी तसंच. फक्त उन्हाऐवजी ६० अंशांचा ओव्हन. कड सुटली... हळूच... निघालं. धुरकट काचेसारखं, पलीकडची बोटं दिसतायत.

दुसऱ्या बशीत लिथियमऐवजी पोटॅशियम आयोडाइड आणि आयोडीन. हे साठ कोऱ्या चहाच्या रंगाचं, सौर घटासाठी, म्हणजे उन्हावर वीज देणाऱ्या सेलसाठी. घटाची ही जात १९९१ साली ओरेगन आणि ग्रेत्झेल या शास्त्रज्ञांनी जगापुढे आणली. टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा थर दिलेली काच रातांब्याच्या सालीच्या रसात बुडवलीय. बघा, लाली कशी चढतेय. हा रंग उन्हात इलेक्ट्रॉन सोडतो. त्याची भरपाई करतं आयोडीन, ते साठातून ये-जा करतं म्हणून.

(पुन्हा खळं. ऊन.)

मीटरवरचे आकडे हलले. असा एक घट साधारण अर्धा व्होल्ट देतो.

द्रवाच्या मानाने आयन अजून दहा-शंभरपट कमी वाहतात, आणि साठ ओल धरतं. म्हणून मिरगाआधी सगळी साठं बरणीत, तळाला ओल शोषणारं सिलिका जेल. झाकण घट्ट.