रंग नवा, स्लॅब जुना

(दृश्य: डोंबिवली पूर्व. चारमजली इमारतीचा जिना. चपलांचा आवाज.)

मे महिन्यातला शेवटचा रविवार. तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. इमारत 1991 सालची, लिफ्ट नाही. दार उघडलं आणि सगळ्यात आधी आला ताज्या रंगाचा वास. हॉलला पिस्ता रंग, बेडरूमला बदामी. खिडक्या उघड्या, पंखे सुरू, ओटा पुसून लख्ख. घर बघायला आलेल्या जोडप्याने नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढली आहेत. तिला खिडकी आवडलीय. त्याने तर मनातल्या मनात सोफा ठेवूनही पाहिला.

त्यांच्याबरोबर आलेल्या इंजिनीअर मॅडम मात्र हॉलमध्ये थांबल्या नाहीत. सरळ बेडरूममध्ये गेल्या, भिंतीतल्या कपाटाचं खालचं दार उघडलं आणि वाकून आत वास घेतला.

(दृश्य: कपाटाच्या आत टॉर्चचा उजेड. फुगलेलं प्लायवूड.)

या कपाटाच्या मागे बाथरूम आहे. भिंत एकच. कपाटाबाहेर भिंतीला रंग मारला, पण कपाटाच्या आत ब्रश गेलेला नाही. प्लाय खालून चार बोटं फुगलंय आणि कडेला पांढरी भुकटी साठलीय. हा लोणा. भिंतीतून झिरपणारं पाणी विटा-सिमेंटमधले क्षार बरोबर घेऊन येतं. पाणी वाळून जातं, क्षार तिथेच राहतात. बोटाला पिठासारखे लागतात.

मॅडमनी पर्समधून दहा रुपयांचं नाणं काढलं आणि बाथरूमच्या एकेका टाइलवर वाजवायला सुरुवात केली. टक, टक, टक. नाहणीच्या कोपऱ्यात आवाज बदलला. बद्द. पुन्हा वाजवलं, पुन्हा बद्द. त्या टाइलखाली पोकळी आहे.

आपल्याकडच्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बहुतेक वेळा बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खोलगट भागात पाइप टाकतात, वॉटरप्रूफिंग करतात आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून टाइल बसवतात. तीस वर्षांत नाहणीचे सांधे सैल होतात. पाणी थेट खाली टपकत नाही, त्या भरावात मुरत राहतं. वरून टाइल कोरडी ठणठणीत आणि खाली स्लॅब बारा महिने ओला.

ओल्या स्लॅबचं काय होतं, ते जवळून बघू या.

(दृश्य: जिन्याच्या खालच्या बाजूला निघालेला पोपडा. आतली तांबूस सळई.)

चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि तोवर आतली सळई सुरक्षित असते. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत जातो आणि हे अल्कधर्मी कवच कमी होत जातं. त्यात ओल मिळाली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. आतून तो ढकलायला लागतो आणि काँक्रीटला सळईच्या रेषेत बारीक, सरळ चीर पडते. गिलाव्याच्या चिरा जाळीसारख्या, वेड्यावाकड्या असतात, त्यांची फारशी भीती नको. बीमच्या किंवा पिलरच्या लांबीत जाणारी सरळ चीर दिसली, तिच्या कडेला तांबूस डाग असला, तर थांबा. त्यावर पुट्टी आणि रंग चढवायला एक दिवस पुरतो.

म्हणून छत बघायचं. आणि छताला पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर मालकाला विनंती करून एक दिवा काढून घ्यायचा. त्या तीन इंची भोकातून मोबाइल आत घालायचा, टॉर्च लावायचा, व्हिडिओ काढायचा. सुंदर सीलिंगच्या वर खरा स्लॅब कसा आहे, ते दोन मिनिटांत कळतं.

हे मी इतक्या तळमळीने सांगतेय, कारण आमच्या घरी हे कोणी केलं नव्हतं. बाबांनी प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे घालून रिसेलचं घर घेतलं ते जानेवारीत. जानेवारीत कुठलं घर गळतं? जूनच्या तिसऱ्या आठवड्यात देवघराच्या वर थाळीएवढा डाग उमटला. ऑगस्टमध्ये तिथून पाणी टपकायला लागलं. वरच्या घराला कुलूप, मालक परदेशात. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे शौचालय, सिंक अशा आतल्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने स्वखर्चाने करायची असते. बाहेरच्या भिंती आणि गच्चीची जबाबदारी सोसायटीची. नियम आमच्या बाजूने होता, पण कुलूप उघडायला माणूस नव्हता. दोन पावसाळे आईने देवांना हॉलमधल्या टीव्हीशेजारी बसवलं. आम्हाला घर विकणाऱ्यांनी फक्त रंग दिला होता आणि आम्ही रंगच पाहिला होता.

(दृश्य: दुसरा मजला. दाराची बेल.)

मॅडम आता दोघांना घेऊन खालच्या घरी आल्यात. तुमच्या होणाऱ्या बाथरूमची गळती तुम्हाला दिसणार नाही, ती खालच्यांच्या छताला दिसते. तुमच्या छतातलं पाणी वरच्यांच्या घरातून येतं. म्हणजे एक घर बघायचं तर तीन घरांची बेल वाजवायला हवी. खालच्या आजींनी दार उघडलं, काय हवंय ते ऐकून घेतलं आणि काही न बोलता त्यांना न्हाणीघरात नेलं. कोपऱ्यात बादली होती. "दिवाळीपासून ठेवलीय," आजी म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

चहा घेताना आजींनी जे सांगितलं ते एजंटच्या तोंडून कधी आलं नसतं: पाणी किती वाजता येतं, मे महिन्यात टँकर लागतो का, मेन्टेनन्स कोणाचा थकलाय.

आता गच्ची. अनेक जुन्या इमारतींवर निळ्या पत्र्यांची शेड दिसते. शेड वाईट नव्हे, पण ती का घातली हे विचारायचं. बऱ्याचदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुन्हा पुन्हा फसल्यावर सोसायटी पत्रे घालते. वरच्या मजल्यावरचं घर घेत असाल तर हा प्रश्न सोडू नका. मुंबई आणि परिसरात चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो.

आणि तळमजला. लोक इथून नुसते चालत जातात. दुकानांत, क्लिनिकमध्ये, पार्किंगमध्ये पिलर कुठे आहेत, ते नीट बघा. जागा मोठी करायला कोणी पिलर तासलाय का, भिंत काढलीय का? 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली, 17 जणांचा जीव गेला. तळमजल्यावर सुरू असलेल्या फेरफारांत इमारतीच्या आधाराला धक्का लागल्याचा ठपका होता. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी आपापली घरं किती जपली होती, याला मग काही अर्थच उरला नाही. सोसायटीत घर घेताना तुमच्या हाती भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट येतं, म्हणजे तुम्ही सबंध इमारतीचे वाटेकरी होता. आधी इमारत तपासायची ती यासाठी.

सेक्रेटरींना भेटून स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल मागा. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. या इमारतीचं शेवटचं ऑडिट सहा वर्षांपूर्वी झालंय. गेल्या वार्षिक सभेचं इतिवृत्तही वाचा. मोठ्या दुरुस्तीसाठी दर घरामागे वर्गणी काढायचा ठराव झाला असेल, तर तो खर्च उद्या तुमच्या दारात येणार आहे.

कागदपत्रं वकिलांकडून तपासून घ्या. पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का. हस्तांतरणासाठी सोसायटीला 25,000 रुपयांपेक्षा जास्त अधिमूल्य (प्रीमियम) घेता येत नाही. डोंबिवलीत तर बांधकाम परवानगीची खात्री थेट महापालिकेच्या नगररचना विभागातूनच करून घ्यायला हवी. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा बांधकामांवर कारवाईचे आदेश दिले. तिथे घरं घेतलेली माणसं तुमच्या-आमच्यासारखीच कर्ज काढलेली होती.

(दृश्य: इमारतीचं फाटक. एजंट फोनवर.)

एजंटना आज टोकन हवंय. दुसरी पार्टी संध्याकाळी येणार आहे म्हणे. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घर मनात भरलंय, हे लपत नाही. शेवटी तीच म्हणाली, "पहिला मोठा पाऊस पडू दे भाऊ. मग येतो. तोवर गेलं तर गेलं."

(दृश्य: जून. तोच जिना, ओल्या छत्र्या.)

घर गेलं नव्हतं. दोन दिवस संततधार आहे. बदामी भिंतीवर कपाटाच्या वर, हात पुरेल एवढ्या उंचीवर, रंगाला फुगा आलाय. तिने अंगठ्याने दाबला. फुगा फुटला आणि पाण्याचा बारीक ओघळ मनगटापर्यंत आला.

घरमालक समोरच उभे होते. या वेळी बोलणं रंगावर गेलंच नाही. बाथरूम खोदून, पाइप बदलून, नवं वॉटरप्रूफिंग करायला किती लागतील, ते मॅडमनी कागदावर मांडलं आणि ती रक्कम किमतीतून वजा करायची ठरली. ऑडिट सप्टेंबरपर्यंत करून घेऊ, असं सोसायटीने पत्र दिलं. आजींच्या छताचं काम त्याच खोदाईत होणार.

टोकनचा चेक त्याने जिन्यातच, आजींच्या दाराशी बसून लिहिला.